पोहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी काळा रंग

४ फेब्रुवारी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पूर्वी मी तुला 'चि. सौ.' लिहायचे. त्यातलं 'सौ.' गाळलं की नुसतं 'चि.' उरतं, आणि मला ते जास्त आवडलं. तुम्ही दोघांनी कोर्टात सह्या केल्यात तेव्हा माझी सही कुणी मागितली नव्हती. कागदोपत्री मी तुझी सासू राहिले नसेन, पण तुला पत्र लिहायला मला कुणाला विचारावं लागत नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'हं, हं' करतेस आणि मी तेच तेच बोलत राहते.

तर काम असं. आपलं नाट्यगृह नवीन झालंय. खुर्च्या मऊ, दिवे नवे, आणि त्या दिव्यांनी आमचं वाटोळं केलंय. काळ्या पडद्यापुढे काळे झगे घालून तिघींनी एक लाकडी बाहुली हलवायची आणि लोकांना फक्त बाहुली दिसायची, एवढंच तर आमचं कसब. पण आमची मखमल धुऊन धुऊन राखाडी झालीय. जुन्या पिवळ्या दिव्यांत ते खपून जायचं. परवा तालमीत नवे दिवे लावले आणि आम्ही तिघीही लख्ख दिसलो. म्हातारा पोहतोय असं वाटण्याऐवजी त्याला तीन जणींनी धरून पोलिसचौकीत नेलंय असं वाटत होतं.

म्हातारा तुला आठवतच असेल. सत्तराव्या वर्षी पोहायला शिकतो, तोच खेळ. तू लग्नानंतर दोन वर्षं त्याचे पाय धरलेस. तुझ्या जागी आता पोस्टातली आहे. निवृत्त झाल्यापासून तिला वेळच वेळ आहे. शिंपीणबाई डावा हात आणि कंबर धरते. डोकं आणि उजवा हात अर्थात माझ्याकडे. मे महिन्यात खेळ लागलाय. हा नीट झाला नाही तर नाट्यगृहवाले पुन्हा तारीख देणार नाहीत.

तू दुर्बिणींना लावायचा कसलासा काळ्याहून काळा रंग करतेस असं ऐकून होते. तो झग्यांना लावता येईल का? डबाभर पाठव. इकडे सगळं ठीक.

तुझी
आई

१३ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पोलिसचौकीपाशी आले आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

आमचा रंग झग्यांना लागणार नाही. खरं तर तो रंगच नव्हे. धातूच्या पत्र्यावर भट्टीत कार्बनच्या बारीक नळ्या उगवायच्या, गालिच्याचे दोरे असतात तशा उभ्या, दाट. उजेड त्यांच्यात शिरला की आतल्या आत आपटत राहतो आणि तिथेच संपतो. आकाशातला एखादा अंधूक तारा टिपायचा असेल तर दुर्बिणीच्या नळीत इकडून तिकडून शिरलेला फालतू उजेड आधी मारावा लागतो. तेवढ्यासाठी हा खटाटोप. पण त्याला नुसतं बोट लागलं तरी त्या नळ्या आडव्या होतात आणि तिथे कायमचा डाग पडतो. आम्ही सगळे जण त्याच्यापासून हात लांब धरून चालतो, अंगाला पीठ लागू नये म्हणून चालावं तसे. असल्या वस्तूचा झगा करून तुम्ही घालणार आणि वर म्हाताऱ्याला पोहायला लावणार!

पण दोन गोष्टी देता येतील. एक म्हणजे कापड. तपासणीच्या टेबलाभोवती आम्ही एक लव असलेलं काळं कापड लावतो. आमच्या भट्टीतल्या काळ्याइतकं नाही, पण तुमच्या मखमलीला लाजवील. पुरवठादाराकडून तीन झग्यांपुरतं मागवते. दुसरा, बाटलीतला साधा रंग, पाण्यात मिसळणारा, ब्रशने लावायचा. लाकडावर छान बसतो. शंभरातला जेमतेम एखादा भाग उजेड परत येतो. मागची भिंत आणि टेबल त्याने रंगवा. वाळला की हात लावू नका, घासला तर चमकतो.

आणि आई, हे नीट वाचा. तो रंग जमिनीला, पायरीला, तुम्ही उभ्या राहता त्या चौथऱ्याच्या कडेला अजिबात लावायचा नाही. त्याने वस्तूचा आकारच दिसेनासा होतो. खड्डा आहे की सपाट हे डोळ्यांना कळत नाही. आमच्याकडे एका इंजिनियरने काळी केलेली वाटी सपाट चकती समजून तिच्यात पेन ठेवायला हात घातला होता. पेन वाचलं, वाटी गेली.

मी बरी आहे. दुर्बिणीची मोठी नळी जूनमध्ये द्यायची आहे, त्यामुळे कामाचा डोंगर आहे. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? घरी सगळे कसे आहेत?

तुमची
मुलगी

२ मार्च

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. कापड उलगडलं आणि शिंपीणबाई म्हणाली, "अगबाई, टेबलाला भोक पडलं!" नंतर मात्र तिच्या नाकी नऊ आले. त्या कापडावर घडी कुठे, दुमड कुठे, टाका कुठे पडला, काही म्हणजे काही दिसेना. शेवटी डोळे मिटून बोटांनी चाचपत शिवलं. अर्धा दिवस कात्री शोधली, ती तिच्याच मांडीवर होती. मला म्हणाली, "तुमच्या सुनेला सांगा, पुढच्या वेळी जरा कमी काळं पाठव." मी तिला 'माजी सून' अशी दुरुस्ती केली नाही.

झगे घालून उभ्या राहिलो. टोपीची जाळी तोंडावर ओढली आणि पोस्टातली नाहीशीच झाली. ती बोलतेय, पण आहे कुठे? दोनदा एकमेकींवर आपटलो. पण म्हातारा! तो असा तरंगला म्हणून सांगू! तीस वर्षांत त्याला एवढं मोकळं पाणी मिळालं नव्हतं. दिवे लावणारा मुलगा खाली बसून बघत होता, तो म्हणाला, "आजी, हा खरंच पाण्यात आहे हो." माझा जीव भांड्यात पडला.

भिंत आणि टेबल रंगवून झालं. अजून दोन बारीक जागा राखाडी दिसतात, त्या एकदा करून टाकल्या की सुटले. बाटलीत रंग उरलाय.

घरी आवराआवर चालली आहे. खोल्यांना रंग, पडदे वगैरे. सहजच, बरेच दिवसांत केलं नव्हतं. तुझा... म्हणजे माझा मुलगा मजेत आहे. विम्याच्या कचेरीत बढती मिळाली. बाकी विशेष काही नाही.

तुझी
आई

९ मार्च

ती. आईंना,
सा. न.

घाईत चार ओळी लिहिते. त्या दोन बारीक जागा कुठल्या? पायऱ्या नाहीत ना? तुम्ही नाव न घेता 'बारीक जागा' म्हणता तेव्हा मला शंका येते. पूर्वी 'थोडंसं सामान' म्हणून तुम्ही कपाट आणलं होतंत.

खरंच सांगते, पायऱ्यांना हात लावू नका. राखाडी दिसल्या तर दिसू देत. उलट टपाली कळवा.

तुमची
मुलगी

३० मार्च

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल, घाबरू नकोस. मी सांगतेय आणि शिंपीणबाई लिहून घेतेय. माझ्या मनगटाला जरा मुरगळलंय. स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर पाय घसरला, दुसरं काही नाही. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच.

त्या बारीक जागा म्हणजे टेबलाचे पाय होते. तू काळजी करू नकोस. तुझी नळी कुठवर आली? जेवतेस ना वेळेवर?

खेळाचं बघू. मुरगळलेलं बरं व्हायला थोडे दिवस लागतील असं म्हणतात.

तुझी
आई

(मी शिंपीणबाई. त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय. माझा नमस्कार.)

२ एप्रिल

फोन केला असता तर ओरडलो असतो, म्हणून लिहितोय.

आई तीन आठवडे अंथरुणाला खिळून आहे. तालमीत मागच्या चौथऱ्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून सळई घातली, मनगटही दुखावलं. आता वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते, तेही कुणी सोबत असेल तर. तिने तुला काय कळवलंय मला माहीत नाही, पण तुझं नाव काढलं की विषय बदलते.

मी जाऊन तो चौथरा पाहिला. दोन पायऱ्या आहेत, आणि त्या दिसतच नाहीत. पायऱ्या आहेत हे ठाऊक असूनही मी स्वतः पडता पडता वाचलो. तू पाठवलेल्या रंगाने रंगवल्या आहेत. अडुसष्ट वर्षांच्या बाईला असली वस्तू पाठवताना तुला जरासुद्धा विचार करावासा वाटला नाही? तुझ्या प्रयोगशाळेत सगळे हातमोजे घालून वावरतात. इथे माणसं राहतात.

माझं लग्न ठरलंय हे तुला मी जानेवारीतच सांगितलं होतं. ते आता पुढे ढकलावं लागलं. हे तुला टोचायला लिहीत नाही, काय काय झालंय ते कळावं म्हणून लिहितोय. आईला आता विश्रांती हवी आहे. तिला पत्रं पाठवणं, वस्तू पाठवणं काही दिवस थांबव.

८ एप्रिल

पत्र मिळालं. कळवलंस ते बरं केलंस.

रंग मीच पाठवला होता. तो किती फसवा असतो हे मला रोजच्या कामातून माहीत आहे, तेव्हा राग आला असेल तर तो माझ्यावरच असू दे. आईंना बोलू नकोस. त्या आधीच पडल्यात.

त्या चौथऱ्यावर कुणालाही चढू देऊ नकोस. पायऱ्यांवर सध्या एखादी पांढरी चादर टाकून ठेव. रंग घासून काढता येतो, पण कोरडा खरवडू नका, धूळ नाकात जाते. आधी ओला करायचा.

लग्न पुढे गेलं याचं वाईट वाटलं. मनापासून लिहितेय.

तू म्हणतोस तर मी पत्रं थांबवते. फक्त त्या आपल्या पायांनी चालायला लागल्या की मला एक ओळ टाक.

१५ एप्रिल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

काल शिंपीणबाई भेटायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "सुनेने एवढं बजावून लिहिलं होतं, तरी तुम्ही पायऱ्या रंगवल्यातच." खोलीत माझा मुलगा उभा होता. त्याचा चेहरा असा झाला की मी विचारलं, "काय रे, काय केलंस?" तेव्हा त्याने सांगितलं की तुला पत्र लिहिलं, तू उत्तर दिलंस, आणि त्या उत्तरात बजावल्याचा एक शब्दही नव्हता.

अगं, वेडी का तू? माझ्या चुकीवर पांघरूण कशाला घालायचं? मी त्याला सगळं सांगितलं. तू दोनदा बजावलंस. मी कानाडोळा केला, कारण म्हातारा बुडी मारतो तेव्हा त्याच्या पोटाखाली त्या दोन राखाडी पायऱ्या दिसायच्या आणि समुद्राचा जिना व्हायचा. मला ते सहन होईना. ब्रश घेतला आणि रंगवून मोकळी झाले. इतकं सुंदर दिसलं म्हणून सांगू! मग माझी मीच उतरायला गेले.

तो माझ्या अंथरुणाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "मी तिला काय काय लिहिलंय, आई." मी म्हटलं, "तर आता दुसरं लिही." अजून लिहिलं नसेल. त्याला माफी मागायची असली की आधी घरातले सगळे नळ दुरुस्त करतो. आज सकाळपासून दोन झालेत.

लग्नाचं मी तुला कळवलं नाही. खोल्यांना रंग, पडदे, असलं काहीबाही लिहिलं. तुला लागेल असं वाटलं. आणि तो म्हणतो, तुला ते जानेवारीपासून ठाऊक! मग 'घरी सगळे कसे आहेत' असं साळसूदपणे विचारत होतीस ते?

त्याची होणारी बायको बेकरी चालवते. बरी आहे गं. तुझ्यासारखी नाही, पण तुझ्यासारखी कशाला हवी? ती रोज दुपारी दुकान बंद करून येते आणि मला व्यायाम करायला लावते. मी ओरडले की माझ्याहून मोठ्याने ओरडते.

खेळ रद्द करावा लागणार. माझं डोकं आणि उजवा हात गेला, आणि पोस्टातली घाबरून बसलीय. म्हणते, त्या काळोखात पुन्हा पाय ठेवणार नाही. नाट्यगृहवाल्यांना अजून कळवलेलं नाही. हात धजत नाही.

पत्रं थांबवायची नाहीत. तो कोण सांगणारा?

तुझी
आई

२० एप्रिल

ती. आईंना,
सा. न.

त्याचं पत्र आलं. तीन ओळी आहेत आणि तिन्ही चांगल्या आहेत. नळ किती झाले ते कळवा.

लग्नाबद्दल मला लागलं का? थोडं लागलं. त्याने जानेवारीत सांगितलं त्या दिवशी कामावर जाऊन चाचणीचे सगळे पत्रे उगाच पुन्हा मोजत बसले. पण आमच्यात भांडण कधी नव्हतंच, बोलणंही नव्हतं. त्याच्यावर मोठ्याने ओरडणारं कुणी आलं असेल तर बरंच झालं. तुम्ही मला कळवत नव्हता तेव्हा मला वाटायचं, यांना आता मी परकी झाले. आणि तुम्ही मला लागू नये म्हणून लपवत होतात. आपण दोघींनी मिळून चांगलाच घोळ घातला.

आता ऐका. खेळ रद्द करू नका. मी साहेबांना विचारलं. नळीचा शेवटचा थर मेच्या पहिल्या आठवड्यात होतोय, नंतर ती तपासणीला जाते आणि मला हात लावण्यासारखं काही उरत नाही. मला रजा मिळते. मी येऊन आधी तो चौथरा बघते. पायऱ्या काढून टाकायच्या आणि त्या जागी उताराची फळी घालायची. कडेला जाड दोर ठोकायचा, म्हणजे डोळ्यांना नाही तरी तळव्यांना कळेल की इथे संपलं. मग वरून हवा तेवढा काळा रंग लावा.

शिंपीणबाईंना डोकं जमेल. त्यांनी इतकी वर्षं तुमच्या खांद्याला खांदा लावून पाहिलंय. पाय मी धरते. विसरले नसेन असं वाटतं.

डावा हात उरतो. त्याचं तुम्ही बघा. कणीक तिंबून ज्यांचे हात तयार झालेत असं कुणी ओळखीचं आहे का?

तुमची
मुलगी

१७ मे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

खेळ संपल्या संपल्या तू गाडी पकडायला पळालीस, त्यामुळे धड बोलणं झालंच नाही. आणि तुम्ही तिघी म्हाताऱ्याच्या मागे होतात, म्हणजे पुढून काय दिसलं हे तुम्हाला कळणारच नाही. मलाही आजवर कळलं नव्हतं. म्हणून लिहिते.

मला तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं होतं, वॉकर शेजारी, त्याच्या पलीकडे माझा मुलगा. दिवे गेले. मग एकच दिवा लागला आणि त्यात म्हातारा बसलेला. तीस वर्षं मी त्याचं डोकं हातात धरलंय, पण मला ठाऊक होता तो त्याच्या टकलाचा मागचा भाग. समोरून तो इतका भित्रा दिसतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी शिंपीणबाईला नेहमी म्हणायचे, जरा जोरकस कर, लोकांना कळत नाही. कशाला? नुसती मान एवढीशी झुकली तरी मला सगळं कळलं.

मग त्याने पाण्याला अंगठा लावला आणि मागे घेतला. ती तू. सगळं नाट्यगृह हसलं. पुन्हा लावला, पुन्हा मागे घेतला, आणि तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुणी हसलं नाही. मी कुठे काय धरलंय, कुठे कोण उभं आहे, हे मला पाठ आहे. तरीही मी तुला शोधत होते आणि तू सापडत नव्हतीस. तिथे नुसतं पाणी होतं.

मधे डावा हात जरा मागे पडला. बेकरीवालीची पहिलीच वेळ, ठोका चुकला. मी मनात म्हटलं, गेलं. पण पुढून बघताना असं वाटलं की म्हाताऱ्याने मुद्दामच हात आखडला, पुढे जावं की परतावं असा विचार करतोय. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने रुमाल काढला. तिला सांगू नकोस की ती चूक होती. नाहीतर पुढच्या खेळात दुरुस्त करेल.

माझ्या मुलाने कानाशी येऊन विचारलं, "आई, यातली कोण कुठे आहे?"

मी म्हटलं, "गप्प बस. तो खोल पाण्यात आहे."

त्याने शेवटची बुडी मारली आणि वर आला नाही. आणि मग किती वेळाने, त्या काळोखाच्या अगदी वरच्या टोकाला, त्याचं टक्कल. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझे हात वॉकरला धरून होते, सोडवेनात.

नाट्यगृहवाल्यांनी लगेच पावसाळ्यानंतरची तारीख दिली. पोस्टातली मागे उभी राहून बघत होती, ती आता म्हणते दोर असेल तर मी येते. डॉक्टर म्हणतात मला जिना चढायला अजून वेळ आहे, आणि म्हाताऱ्याचं डोकं पुन्हा धरायचं की नाही ते तेव्हा बघू. खरं सांगू? मला ती तिसरी रांग आवडली.

एक मात्र राहिलं. खेळ संपला, सगळे दिवे लागले, तुम्ही तिघींनी तोंडावरच्या जाळ्या वर केल्या. लोकांच्या तोंडून एकदम 'अरे!' निघालं. तिथे माणसं आहेत हेच ते विसरले होते. घामाने डबडबलेले तीन चेहरे, खाली धड नाही. माझा मुलगा उठून उभा राहिला. त्याने तुझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कुणाला हात करावा ते न कळून दोन्ही हात वर केले. शिंपीणबाई वाकून नमस्कार करत होती. आणि तू आणि ती मात्र एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होतात. थांबतच नव्हतात.

कशाला एवढ्या हसत होतात? तिला विचारलं तर म्हणते, "तिलाच विचारा." तेवढं लिहून कळव.

तुझी
आई